रसायनशास्त्र सोळाव्या प्रकरणाची वाट का पाहते?

जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थ्यांशी बोलण्याचा मध्यंतरी योग आला. वर्ग बारावी विज्ञानाचा होता. सुरुवातीला एक सोपा प्रश्न विचारला : अठरा ग्रॅम पाण्यात किती मोल? सारा वर्ग एका सुरात म्हणाला, "वन मोल, सर." त्यात रेणू किती, याचेही उत्तर घातांकासह तयार होते. शेजारच्या खोलीत शिपाईमामांनी चहाचे आधण गॅसवर ठेवले होते. मी म्हटले, "त्या पातेल्यात खालून वर येणारे मोठे मोठे बुडबुडे कशाचे आहेत?" वर्ग गप्प झाला. मग एकजण म्हणाला, हवेचे. दुसरा जास्त आत्मविश्वासाने म्हणाला, "हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे, सर. पाणी त्यांचेच बनलेले असते ना!" पुष्कळ माना डोलल्या. 'वाफेचे' असे दोघा-तिघांनी म्हटले, पण तेही चाचरत.

ही मुले मंद नव्हती. मराठी माध्यमातून आल्यामुळे किंवा मराठवाड्यातील असल्यामुळे त्यांचे असे झाले, असेही नाही. न्यूझीलंडमधील ऑस्बोर्न आणि कॉसग्रोव्ह या संशोधकांनी १९८३ मध्ये हाच प्रश्न तिकडच्या मुलांना विचारला होता. वरच्या वर्गांतील, विज्ञान शिकलेल्या मुलांपैकीही बऱ्याच जणांनी हीच दोन चुकीची उत्तरे दिली होती. तेव्हा दोष मुलांच्या बुद्धीत शोधण्यापेक्षा आपण त्यांना महाविद्यालयातील पहिले रसायनशास्त्र ज्या रीतीने शिकवतो त्या रीतीत शोधावा, हे बरे. या मुलांना मोलचा हिशेब येत होता आणि पाणी माहीत नव्हते. आपला अभ्यासक्रम, आपली प्रयोगशाळा, आपली भाषा आणि आपली परीक्षा या चौघांनी मिळून ही स्थिती कशी आणली आहे आणि ती बदलायला शिक्षकाच्या हाती काय आहे, ते या लेखात पाहायचे आहे.

पुस्तकाचा क्रम

बालभारतीचे अकरावीचे रसायनशास्त्राचे इंग्रजी पुस्तक २०१९ मध्ये नव्याने आले. त्यात सोळा प्रकरणे आहेत. पहिले मूलभूत संकल्पनांचे, म्हणजे मुख्यतः मोलचे. दुसरे आणि तिसरे विश्लेषणाचे व त्याच्या तंत्रांचे. चौथे अणुरचनेचे, पाचवे बंधांचे, सहावे ऑक्सिडीकरण-क्षपणाचे, सातवे आवर्तसारणीचे. आठव्या प्रकरणात पहिल्या दोन गणांतील मूलद्रव्ये येतात, म्हणजे हाताला लागतील असे पदार्थ. आणि सर्वांत शेवटी, सोळावे प्रकरण : दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्र.

या पुस्तकाची चांगली बाजू आधी सांगितली पाहिजे. मोजमापातील अनिश्चितता, स्फटिकीकरण, ऊर्ध्वपातन, क्रोमॅटोग्राफी या गोष्टी दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात आणणे, हा शहाणपणाचा निर्णय आहे. रसायनशास्त्र हे मुळात पदार्थ वेगळे करण्याचे आणि ओळखण्याचे शास्त्र आहे, हे त्यातून कळू शकते. पण वर्गात काय घडते? ही प्रकरणे 'परीक्षेला सोपी' म्हणून वाचून काढली जातात आणि गाडी वेगाने चौथ्या प्रकरणाकडे जाते. तिथून पुढे विद्यार्थ्याने कधीही न पाहिलेल्या, आणि कधीही न दिसणाऱ्या, गोष्टींचे राज्य सुरू होते. थ्री-डीच्या आधी फोर-एस भरायचे, हे तो पाठ करतो; पण मोरचुदाचा निळा रंग आणि हिराकशीचा फिकट हिरवा रंग या भरण्याशी काही नाते सांगतो, हे त्याच्या गावी नसते. ज्या गोष्टीचा खुलासा करायचा ती गोष्टच समोर नाही आणि खुलासा मात्र तयार आहे, अशी ही अवस्था आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला पुन्हा अणुरचनाच येते, फक्त गणित वाढलेले असते.

या क्रमाच्या बाजूनेही बोलता येते. पदार्थाचे गुणधर्म अणूंच्या रचनेतून निघतात. मग पाया आधी आणि इमारत नंतर, हे तर्काला धरून आहे. मान्य. पण तर्काचा क्रम आणि शिकण्याचा क्रम एकच असतो, असे नाही. मेंडेलेव्हने १८६९ मध्ये आवर्तसारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉनचा पत्ताही नव्हता. थॉमसनने तो दाखवला १८९७ मध्ये. विशेष म्हणजे मेंडेलेव्ह त्या वेळी आपल्या विद्यार्थ्यांसाठी सामान्य रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तकच लिहीत होता. मूलद्रव्यांचे वागणे कोणत्या क्रमाने मांडले म्हणजे मुलांना कळेल, या शिक्षकाच्या अडचणीतून ती सारणी निघाली. त्याच्याजवळ पदार्थांची माहिती होती आणि तो सूत्र शोधत होता. आपण मुलांच्या हाती सूत्र देतो आणि पदार्थ आठव्या प्रकरणापर्यंत कपाटात ठेवतो.

तीन पातळ्या

ग्लासगो विद्यापीठातील अ‍ॅलेक्स जॉन्स्टन यांनी १९९१ मध्ये एका लेखात या अडचणीचे नेमके निदान केले. रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालते, असे त्यांचे म्हणणे. पहिली दिसणाऱ्या-हाताळायच्या पदार्थांची, दुसरी न दिसणाऱ्या अणुरेणूंची, तिसरी चिन्हांची, म्हणजे सूत्रे, समीकरणे आणि गणिते यांची. जाणकार माणूस या तिन्हींत सहज ये-जा करतो. शिक्षकही बोलता बोलता एका वाक्यात तिन्हींना स्पर्श करून जातो आणि आपण उडी मारली हे त्याच्या लक्षातही येत नाही. नवशिका मात्र गोंधळतो आणि त्यातल्या त्यात जी पातळी परीक्षेत विचारली जाते तिला धरून बसतो. ती पातळी चिन्हांची.

चिन्हांची पातळी जमली म्हणजे बाकीच्या आपोआप जमतात, असा आपला समज आहे. तो खोटा आहे, हे १९८७ मध्ये अमेरिकेत नुरेनबर्न आणि पिकरिंग यांनी दाखवले. महाविद्यालयातील सामान्य रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांनी वायूंच्या नियमांवरची नेहमीची गणिते दिली आणि त्याच विषयावर एक चित्रांचा प्रश्नही दिला. पोलादी टाकीत हायड्रोजन भरला आहे, त्याचे रेणू ठिपक्यांनी दाखवले आहेत. टाकी वीस अंशांवरून उणे वीस अंशांपर्यंत थंड केली, तर ठिपके कसे दिसतील? उत्तर साधे आहे : हायड्रोजन अजून वायूच आहे, म्हणून ठिपके पूर्वीसारखेच टाकीभर पसरलेले राहतील. गणिते बिनचूक सोडवणाऱ्या पुष्कळ मुलांना हे चित्र ओळखता आले नाही. दाब किती कमी होईल हे त्यांना काढता येत होते. टाकीत काय आहे हे सांगता येत नव्हते. आपल्या पातेल्यातील बुडबुड्यांचीच ही दुसरी आवृत्ती.

प्रयोगशाळेतील अंदाजपंचे

पदार्थांची पातळी प्रयोगशाळेत भेटते, असे कोणी म्हणेल. भेटायला हवी. मी स्वतः याच जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकलो. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असा अनुभव अनेकांनी अनेक ठिकाणी घेतला असेल. क्षारांच्या गुणात्मक विश्लेषणात आम्ही 'सॉल्ट' ओळखायचो ते बहुधा बाटलीच्या क्रमांकावरून. निळा दिसला की तांबे, गुलाबी दिसला की कोबाल्ट. पांढरा असेल तर मागच्या तुकडीला विचारायचे. मग उत्तरापासून उलटे जात जर्नलमध्ये निरीक्षणे भरायची : 'पांढरा अवक्षेप मिळाला', 'अवक्षेप विरघळला'. अवक्षेप मिळालाच नाही आणि का मिळाला नाही याचा विचार केला, असे एकाही जर्नलात लिहिलेले मला आठवत नाही. न मिळालेला अवक्षेप हाच खरा धडा असतो, हे मला संशोधनाला लागल्यावर कळले. तिथे पहिली काही वर्षे माझे बहुतेक प्रयोग बिघडत. ते का बिघडले याचा छडा कसा लावायचा, हे मला कोणी शिकवलेले नव्हते.

गुणात्मक विश्लेषण टाकाऊ आहे, असे मला म्हणायचे नाही. उलट, विचार करायला लावणारा त्याइतका स्वस्त खेळ दुसरा नाही. ज्याचे उत्तर बाहेर कोठेतरी आधीच तयार आहे, असा प्रश्न वर्षानुवर्षे त्याच बाटल्यांतून विचारला की त्या खेळाचा विधी होतो, एवढेच.

मोल, क्षार आणि सामू

आपल्याकडे आणखी एक पायरी आहे, जी इंग्लंड-अमेरिकेतील संशोधकांच्या हिशेबात नाही. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा अकरावीत आला की एका उन्हाळ्यात त्याचे सारे शब्द बदलतात. आम्लारीचा 'बेस' होतो, क्षाराचा 'सॉल्ट', संयुजेची 'व्हॅलन्सी', क्षपणाचे 'रिडक्शन'. शब्द बदलले तर बिघडत नाही; जुन्या शब्दाशी जोडलेली समजूत मागे राहते, ते बिघडते.

काही शब्द तर दोन्हीकडून फसवतात. 'मोल' ऐकल्यावर मराठी कानाला किंमत आठवते : कवडीमोल, अनमोल. रसायनातला मोल हा मोजणीचा शब्द आहे, डझनासारखा. 'रेणू' या अर्थाच्या जर्मन शब्दातून तो घेतलेला आहे. हे पहिल्या तासाला सांगायला दोन मिनिटे लागतात. पण न सांगितल्यामुळे तो शब्द अनेकांना शेवटपर्यंत परका राहतो. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याही सोपी झाली आहे : ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात इतक्या कणांचा समूह म्हणजे एक मोल, बस्स. ठरवलेला आकडा. बारा म्हणजे डझन, तसे.

'क्षार' हा दुसरा शब्द. पुस्तकात तो आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून होणारा पदार्थ आहे. घरात 'पाण्यात क्षार आहेत' म्हणजे भांड्यावर पांढरे थर देणारे काहीतरी. आणि 'सामू'? माती परीक्षणाच्या अहवालामुळे हा शब्द पुष्कळ शेतकऱ्यांच्या ओळखीचा झाला आहे. ज्याचे वडील "आपल्या जमिनीचा सामू आठाच्या वर आहे" असे म्हणतात, तो मुलगा महाविद्यालयात 'पीएच'ची लॉगॅरिदमची गणिते सोडवतो आणि ही दोन्ही एकच गोष्ट आहे याचा त्याला पत्ता नसतो. ज्ञान घरात होते आणि महाविद्यालयातही होते. मध्ये भिंत होती.

जालन्यातील तीन प्रश्न

ही भिंत पाडायची तर पदार्थापासून, आणि तेही खऱ्या प्रश्नापासून, सुरुवात करायला हवी. त्यासाठी जालना जिल्ह्याइतकी सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही. तीन उदाहरणे देतो.

पहिले पाण्याचे. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकर आणि बोअर यांवर दिवस काढलेल्या या जिल्ह्यात पाण्याबद्दल मुलांना पुष्कळ माहिती असते. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, म्हणून आई चिमूटभर खाण्याचा सोडा टाकते. साबणाला फेस येत नाही. पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरतो. या सगळ्यामागे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आहेत. डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनच्या साखळ्यांना कॅल्शियम आणखी घट्ट बांधतो, म्हणून दाणा मऊ होत नाही. पाणी तापवले की विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायॉक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते. समतोलाचे प्रकरण इथेच, पातेल्याच्या तळाशी, सुरू होते.

आता मोजणी. पन्नास मिलिलिटर बोअरचे पाणी घ्या, अमोनियाचे बफर घाला, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक घाला आणि ०.०१ मोलर ईडीटीएने अनुमापन करा. लाल रंग जाऊन निळा आला की थांबा. समजा वीस मिलिलिटर लागले. म्हणजे ०.२ मिलिमोल ईडीटीए. तितकाच कॅल्शियम व मॅग्नेशियम. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात वीस मिलिग्रॅम. लिटरला ४०० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालते. हेच पाणी उकळून, गाळून पुन्हा मोजा, जारचे पाणी मोजा, पावसाचे मोजा. इथे मोलचा हिशेब करावाच लागतो, कारण प्रश्नाचे उत्तर त्याशिवाय मिळत नाही. आणि उत्तर कोणत्याही गाइडात छापलेले नाही.

दुसरे उदाहरण भट्टीचे. लोखंडाच्या धड्यात आपण झोतभट्टीची आकृती काढून घेतो. जालन्यात झोतभट्टी नाही. तिथल्या कारखान्यांत भंगार आणि स्पंज आयर्न विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवतात आणि त्यातून बांधकामाच्या सळया निघतात. वर्गातील एखाद्याचा काका किंवा भाऊ तिथे पाळीवर जात असतो. या भट्टीला आतून अस्तर असते ते बहुधा सिलिकाचे. सिलिका हे आम्लधर्मी ऑक्साइड. भंगारातून फॉस्फरस आला तर तो काढायला चुन्याची, म्हणजे आम्लारीधर्मी ऑक्साइडची, मळी लागते. पण चुना टाकला की तो सिलिकाच्या अस्तरालाच खातो. म्हणून अशा भट्टीत फॉस्फरस सहसा काढता येत नाही आणि भंगार निवडूनच घ्यावे लागते. एफई ५०० प्रतीच्या सळईत फॉस्फरस ०.०५५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. टनाला साडेपाचशे ग्रॅम. जास्त झाला तर पोलाद ठिसूळ होते. 'आम्लधर्मी व आम्लारीधर्मी ऑक्साइडे' हा दोन गुणांचा प्रश्न म्हणून पाठ केलेला मुद्दा इथे घराच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतो.

तिसरे मोसंबीचे. नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी म्हणतात, केवडा पडला. कारण बऱ्याचदा लोहाची कमतरता. पण मराठवाड्याच्या काळ्या मातीत लोह कमी नाही, भरपूर आहे! मग झाडाला का मिळत नाही? पुष्कळ जमिनी चुनखडीयुक्त आहेत, त्यांचा सामू आठाच्या आसपास. लोहाचा हायड्रॉक्साइड इतका कमी विरघळतो की सामू एकाने वाढला की द्रावणातील मोकळा फेरिक आयन हजारपट कमी होतो. तीन हायड्रॉक्साइड आयनांचा घन घेतला की हा हजाराचा आकडा निघतो. विद्राव्यता गुणाकाराचे गणित ते हेच. जमिनीत हिराकस टाकली तर तिच्यातल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन तेही तसेच साका बनून बसते. म्हणून हिराकशीची फवारणी पानांवर करतात, किंवा चिलेट वापरतात. त्यातही ईडीटीएत बांधलेले लोह चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही. कॅल्शियम त्याची जागा घेतो. फवारणीला ते चालते, जमिनीत देण्यासाठी ईडीडीएचए नावाचा अधिक घट्ट पकडणारा रेणू लागतो. ज्या ईडीटीएने आपण पाण्यातला कॅल्शियम मोजला, तोच इथे कॅल्शियमला भुलून लोह सोडून देतो. एकाच गुणधर्माने एक काम साधते आणि दुसरे बिघडते, हे ज्याला कळले त्याला समतोल स्थिरांक कशासाठी असतो ते कळले.

आक्षेप

'हे सगळे छान आहे, पण परीक्षेचे काय?' हा पहिला आक्षेप, आणि तो खोटा नाही. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. ५४ सेकंदांत विचार करता येत नाही, फक्त आठवता येते. त्यामुळे क्लास मुलांना आठवायला शिकवतात आणि महाविद्यालयातील प्रात्यक्षिके वर्षाच्या शेवटी उरकली जातात. ही व्यवस्था एका शिक्षकाला बदलता येणार नाही. पण एवढे लक्षात घ्यावे की आठवण्यासाठीही काहीतरी आधार लागतो. ज्या मुलाने पाणी मोजले आहे, त्याला मोलॅरिटीचे सूत्र विसरता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परिसरातील उदाहरणांच्या नादात विषयाची बांधणी विस्कटते, असे काही जाणकार म्हणतात. अमेरिकेत १९८८ पासून 'केमकॉम' आणि इंग्लंडमध्ये ऐंशीच्या दशकात 'साल्टर्स' हे अभ्यासक्रम याच विचाराने आले. यॉर्क विद्यापीठातील ज्युडिथ बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशा प्रयत्नांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा की मुलांची गोडी नक्की वाढते. समज नेहमीच्या पद्धतीइतकीच राहते, घटत नाही. म्हणजे संदर्भ हा जादूचा दिवा नाही. 'एका शेतकऱ्याने पन्नास किलो युरिया टाकला, तर नायट्रोजन किती?' असा प्रश्न लिहून आपण परिसर आणला, असे समजू नये. शेतकऱ्याच्या जागी दुकानदार घातला तरी ते गणित तेच राहते. संदर्भ खरा कधी? उत्तर काढल्यावर ते पडताळून पाहता येते आणि चुकले तर काहीतरी बिघडते, तेव्हा. मोसंबीचा प्रश्न असा आहे. युरियाचा नाही. आणि संदर्भापासून निघून चिन्हांपर्यंत पोचायचेच आहे. वाटेत थांबायचे नाही. चिन्हांना माझा विरोध नाही, ती माझ्या रोजच्या भाकरीचा भाग आहेत. त्यांना एकटे पाडण्याला विरोध आहे.

सोमवारी वर्गात काय करता येईल

खर्चाची अडचण नको म्हणून साध्या गोष्टी सांगतो. एक : मोलच्या पुड्या. किराणा दुकानातील वजनकाट्यावर एकेक मोल मोजून पारदर्शक पिशव्यांत भरा. पाणी १८ ग्रॅम, मीठ साडेअठ्ठावन्न, खाण्याचा सोडा ८४, साखर ३४२, लोखंडी खिळे ५६. शेजारी शेजारी ठेवा. वजने वेगळी, आकार वेगळे, रेणूंची (मिठात आयनजोड्यांची, लोखंडात अणूंची) संख्या तीच. कंसातला फरकही मुलांनाच विचारावा.

दोन : हेच ८४ ग्रॅम सोडा स्टीलच्या कढईत पसरून, हलवत, वजन घटायचे थांबेपर्यंत तापवा. डोळ्यांना चष्मा हवा आणि उरलेल्या पुडीला उघडा हात लावू नये, कारण तो आता धुण्याचा सोडा झाला आहे. तापवण्याआधी मुलांना उत्तर काढायला सांगा : दोन मोल खाण्याच्या सोड्यातून एक मोल धुण्याचा सोडा, म्हणजे ८४ चे ५३ व्हायला हवेत. मग तोला. ५५ आले तर का आले? तो अर्धा तास सर्वांत मोलाचा. इथे मराठी अर्थाने.

तीन : हिराकशीच्या ताज्या द्रावणात चुन्याची निवळी घाला आणि वर येणारा मळकट हिरवा अवक्षेप उघडा ठेवून त्याचा तपकिरी होत जाणारा रंग पाहा. मोसंबीच्या मुळाशी जे घडते ते बशीत दिसेल.

चार : प्रत्येक चाचणीत एक तरी प्रश्न चित्राचा ठेवा. 'मीठ विरघळल्यावर पाण्यात काय आहे ते काढून दाखवा.' पाच गुणांच्या गणितातून जे कळत नाही ते या चित्रातून कळते. आणि भिंतीवर शब्दांची एक यादी असू द्या : सामू-पीएच, आम्लारी-बेस, क्षपण-रिडक्शन. ती मुलांनीच वाढवावी, घरी ऐकलेल्या शब्दांसह.

हे सगळे कशासाठी? १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे आयसीटीचे, मराठवाड्यातील केंद्र २०१८ मध्ये जालन्यात आले. भट्ट्या आहेत, बियाणे उद्योग आहे, मोसंबी आहे, पाण्याचा प्रश्न तर आहेच. रसायनशास्त्र जाणणाऱ्या माणसांची या जिल्ह्याला गरज आहे. आणि याच जिल्ह्यातील कितीतरी मुले अकरावीच्या पहिल्या सहामाहीत 'केमिस्ट्री आपल्या डोक्याची नाही' असे ठरवून टाकतात. ज्या गोष्टीत ती लहानपणापासून राहिली आहेत, तीच गोष्ट त्यांना परकी करून दाखवण्याचे काम आपण केलेले असते.

त्या दिवशीचा वर्ग मी उत्तर न सांगता पुढे नेला. मी एवढेच विचारले, "पातेल्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघत आहेत आणि खाली गॅस पेटलेला आहे. मग काय व्हायला हवे?" क्षणभर शांतता झाली. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "भडका उडायला पाहिजे, सर. पण रोज चहा होतो." दुसरा म्हणाला, "ताट धरून पाहू." शिपाईमामांकडून थंड ताट आणले, वाफेवर धरले, थेंब टपकले. कोणीतरी विचारले, "मग तापवायच्या सुरुवातीला दिसणारे बारीक बुडबुडे कशाचे?" तो प्रश्न माझ्या यादीत नव्हता. त्याच्या उत्तरात विरघळलेली हवा, वायूंची विद्राव्यता आणि तापमान हे सगळे आले, आणि तास संपून चहा थंड झाला तरी कोणी उठले नाही.